साथी, उपायांची आशा आणि वृद्धांचा उपचारखर्च : शिरूर व दौंड तालुक्यांच्या संदर्भात काही विचार

(१)

घरातील वृद्ध माणूस दीर्घ आजारानंतर निवर्तले, की समाचारास येणारे लोक मुलांना एक ठराविक वाक्य ऐकवितात : ‘तुम्ही करायचं ते सगळं केलंत.’ ह्या वाक्यातील ‘केलंत’ ह्या क्रियापदाचे कर्म बहुधा उच्चारले जात नाही. परंतु बोलणारा आणि ऐकणारा या दोघांनाही ते ठाऊक असते. ते कर्म म्हणजे खर्च. किती रुग्णालये पालथी घातली, कोणती औषधे कोठून आणली, त्यासाठी काय विकले, ह्या तपशिलावरून पुत्रधर्माचे माप ठरते. ह्याच्या उलट, ‘पिकले पान, गळायचेच’ ही म्हण इतरांनी म्हटली तर सांत्वन ठरते. मुलाने रुग्णालयाच्या दारात म्हटली तर दोष ठरतो. वृद्धांच्या उपचारांवर किती खर्च करावा, हा नीतिशास्त्राचा प्रश्न आपल्याकडे ग्रंथांतून फारसा चर्चिला गेला नाही. तो ह्या दोन वाक्यांच्या दरम्यान घरोघर सोडविला गेला. साथीच्या काळात हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण त्या वेळी एखादा नवा उपाय आल्याची वार्ता पसरते आणि तो न करणे म्हणजे ‘करायचे’ काही बाकी ठेवणे असा अर्थ होऊ लागतो. गेल्या सव्वाशे वर्षांतील तीन मोठ्या साथींच्या आधारे ह्या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

त्यासाठी पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर व दौंड हे तालुके निवडण्यास दोन कारणे आहेत. पहिले भौगोलिक. शिरूरच्या उत्तरेस घोड नदी व दोन्ही तालुक्यांच्या दरम्यान भीमा. शिरूर पुणे–अहिल्यानगर मार्गावर, तर दौंड मुंबईहून दक्षिणेस जाणाऱ्या लोहमार्गावर. १८७८ साली मनमाडचा फाटा सुरू झाल्यावर ते महत्त्वाचे जंक्शन झाले. माणसे व माल ज्या वाटांनी जात, त्याच वाटांनी साथीही जात. दुसरे कारण कर्जाच्या इतिहासाचे. दख्खनच्या दंग्यांची सुरुवात शिरूर तालुक्यातील करडे गावी १८७४ च्या अखेरीस सावकारावरील बहिष्काराने झाली. पुढे १२ मे १८७५ रोजी ज्या सुपे गावी दंगा पेटला, ते त्या वेळी भीमथडी तालुक्यात होते. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने असे नमूद केले, की रयतेच्या कर्जाचे कारण म्हणून लग्नकार्यांवरील खर्चास अवाजवी महत्त्व दिले जाते. लहानसहान रकमा व त्यांवरील व्याज साचूनच कर्जाचा डोंगर होतो. आजारपणाचा खर्च नेमका ह्याच जातीचा असतो. तो ठरवून करता येत नाही, आणि पुढेही ढकलता येत नाही.

(२)

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आढळला व वर्ष संपण्याच्या सुमारास तो पुण्यात पोहोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. रँड यांच्या अमलाखालील घरझडत्या, रुग्णांचे विलगीकरण आणि २२ जूनचा त्यांच्यावरील हल्ला हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्यामानाने कमी लक्ष गेले आहे ते त्या काळच्या उपायांच्या आशेकडे.

प्लेगवर त्या वेळी दोन प्रकारचे नवे उपाय पुढे आले. येर्सिन व लुस्टिग यांची सीरमे रोग झालेल्या माणसास बरे करण्यासाठी होती. येर्सिन १८९७ साली स्वतः मुंबईस आले होते. हाफकिन यांची लस रोग होऊ नये यासाठी होती व १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. लोकांची स्वाभाविक ओढ पहिल्या प्रकाराकडे होती. घरात गाठ आलेला रुग्ण असताना पुढील वर्षाचे संरक्षण कोणास सुचणार? परंतु सीरमचा उपाय रूढ झाला नाही. प्लेगच्या रुग्णास खात्रीने वाचविणारे औषध मिळण्यास स्ट्रेप्टोमायसिनपर्यंत, म्हणजे आणखी सुमारे अर्धे शतक, थांबावे लागले. लशीचा मात्र उपयोग झाला, आणि त्याहूनही जुना उपाय म्हणजे गाव सोडून रानात झोपड्या घालून राहणे, हा दख्खनच्या खेड्यांनी आपणहून पत्करला. त्यास औषधाचा खर्च नव्हता.

येथे भाषेची एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मराठीत ‘टोचणे’ हे क्रियापद प्रतिबंधक लस आणि रोगावरील इंजेक्शन या दोहोंसही लागू झाले. रोग टाळणे व रोग बरा करणे हा शास्त्रातील भेद लोकांच्या बोलण्यात पुसट राहिला, आणि एकाचा विश्वास दुसऱ्यास आयता मिळाला. सुईवरील आपल्याकडील भरवशाचे एक मूळ येथे असावे.

ह्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले निवर्तल्या. हडपसरजवळ त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी चालविलेल्या दवाखान्यात मुंढव्याहून एका आजारी मुलास आणताना त्यांना रोगाची बाधा झाली. त्या वेळी त्यांचे वय ६६ वर्षांचे होते. वृद्ध म्हणजे केवळ ज्याच्यावर खर्च करावयाचा तो, ही समजूत ह्या एका उदाहरणापुढेही टिकत नाही.

(३)

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीस महाराष्ट्रात ‘मानमोडी’ असे नाव पडले. जूनमध्ये मुंबईत दिसलेली पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबर–ऑक्टोबरमधील दुसरी संहारक ठरली. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता आणि धान्य महागले होते. हिंदुस्थानातील एकूण मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. १९२१ च्या खानेसुमारीत देशाची लोकसंख्या मागील दशकापेक्षा घटलेली दिसली, ती मुख्यतः ह्यामुळे.

ह्या रोगाचा विषाणू १९३३ पर्यंत ओळखला गेला नव्हता. साहजिकच क्विनीन, काढे, लेप आणि चुकीच्या जंतूवरून तयार केलेल्या लशी असा सारा आशेचाच व्यवहार होता. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब निराळी आहे. ही साथ विशेषेकरून २० ते ४० वर्षांच्या माणसांवर उलटली. कर्ती माणसे गेली आणि अनेक घरांत म्हातारी माणसे व पोरकी मुले उरली. ती मुले वाढविण्याचे काम आज्या-आजोबांनी केले. ‘आधी कर्त्या माणसाचा विचार करावा, वृद्धांचा मागून’ हा व्यवहारी नियम वरवर बिनतोड वाटतो. मानमोडीने त्याच्या आधारालाच धक्का दिला. घर कोण सावरील, हे साथ येण्यापूर्वी वयावरून सांगता येत नाही.

(४)

ह्यानंतरच्या शतकात झालेला मोठा बदल शिरूर तालुक्यातच पाहावयास मिळतो. वढू बुद्रुक हे गाव इतिहासाच्या अभ्यासकास छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे परिचित आहे. १९७० च्या दशकात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने येथे ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प उभारला. २००२ पासून शिरूर व हवेली तालुक्यांतील २२ गावांच्या जन्म, मृत्यू व स्थलांतर यांची सलग नोंद ठेवण्यास आरंभ झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या वृद्धत्वविषयक अभ्यासाचा एक भाग म्हणून ५० वर्षे व त्यापुढील वयाच्या लोकांची पाहणीही येथे झाली. तीत स्त्रियांनी आपली प्रकृती पुरुषांपेक्षा अधिक वाईट असल्याचे सांगितले. ज्या वृद्धेचे दुखणे घरात ‘वयाचेच’ म्हणून बाजूस पडते, तिला कोणी पद्धतशीरपणे विचारले, हेच मुळात नवे होते.

पुण्यात निर्माण झालेल्या कोविशील्ड लशीच्या भारतातील चाचण्या २०२० मध्ये ज्या केंद्रांत झाल्या, त्यांत वढूचे केंद्रही होते. आशेची परीक्षा करण्याची ही रीत आहे : ज्यांस उपाय द्यावयाचा त्यांची संमती घ्यावयाची, तुलनेसाठी दुसरा गट ठेवावयाचा, फळ मोजावयाचे, आणि ह्या साऱ्याचा खर्च रुग्णाच्या घरावर टाकावयाचा नाही.

(५)

९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील कोविडचे पहिले रुग्ण पुण्यात आढळले. ह्या साथीने मानमोडीच्या उलट वृद्धांस अधिक गाठले. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ६० वर्षांवरील लोकांचे प्रमाण ९.९ टक्के होते. इटलीतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने मार्च २०२० मध्ये अतिदक्षता विभागात प्रवेश देताना वयाची मर्यादा घालावी लागेल असे सुचविले, तेव्हा जगभर वाद झाला. आपल्या तालुक्यांत असा वाद झाला नाही. तशी वेळ मात्र येथेही आली होती. मर्यादा येथे कागदावर नव्हती. ती घरच्या ऐपतीत होती.

शासनाने २१ मे २०२० च्या आदेशाने खाजगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांवर दर बांधून दिले : साध्या कक्षास दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागास ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. महात्मा फुले जन आरोग्य योजनाही त्याच महिन्यात सर्व रहिवाशांस खुली केली. परंतु भारी किमतीची औषधे ह्या दरांबाहेर राहिली. खाटेचे मोल बांधले गेले, आशेचे मोकळे राहिले.

एप्रिल २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यात रेमडेसिव्हिरसाठी रांगा लागल्या. ‘इंजेक्शन’ हा शब्द तेवढ्यापुरता एकाच औषधाचे विशेषनाम होऊन बसला. भारतात जून २०२० मध्ये ते बाजारात आले, तेव्हा एका कंपनीच्या कुपीची किंमत ५,४०० रुपये होती. १७ एप्रिल २०२१ रोजी दर उतरविल्यावरही कंपनीपरत्वे ती ८९९ ते ३,४९० रुपये होती. एका रुग्णास साधारणपणे सहा कुप्या लागत. वास्तविक ऑक्टोबर २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीतून ह्या औषधाने मृत्यू विशेष कमी होत नसल्याचे दिसले होते, व २० नोव्हेंबरला संघटनेने ते न वापरण्याची सूचना केली होती. २०२२ मध्ये आलेल्या अंतिम निष्कर्षांत प्राणवायूवर असलेल्या, परंतु व्हेंटिलेटर न लागलेल्या रुग्णांस अल्प लाभ दिसला, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. रक्तद्रवाच्या उपचाराचीही गत अशीच. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या चाचणीत २०२० सालीच त्याचा उपयोग दिसला नाही, तरी अधिकृत मार्गदर्शनातून तो वगळण्यास १७ मे २०२१ उजाडला. तोवर त्यासाठी दाते शोधीत मुले वणवण करीत होती.

ह्याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवावे. १६ जून २०२० रोजी इंग्लंडमधील चाचणीने दाखवून दिले, की डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने व प्राणवायूवरील रुग्णांचे सुमारे एकपंचमांशाने घटतात. हे औषध जुने, कोठेही मिळणारे व अत्यंत स्वस्त. त्याच्यासाठी रांग लागली नाही. १ मार्च २०२१ पासून ६० वर्षांवरील सर्वांस सरकारी केंद्रांत लस विनामूल्य मिळू लागली. येथे राज्यसंस्थेने वृद्धास उघडपणे पहिला क्रमांक दिला. म्हणजे त्याच वसंत ऋतूत, त्याच तालुक्यांत, दोन रांगा होत्या. एकीत सिद्ध झालेला उपाय विनामूल्य मिळत होता. दुसरीत सिद्ध न झालेला उपाय घर गहाण टाकून घेतला जात होता. दुसरी रांग अज्ञानाची होती, असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. चिठ्ठी डॉक्टराने लिहिलेली होती, वेळ काही तासांची होती, आणि ‘नको’ म्हणणाऱ्या मुलास पुढील सारा जन्म त्या शब्दासह काढावयाचा होता.

(६)

ह्या तीन साथींवरून एक निष्कर्ष काढता येतो. वृद्धांवर किती खर्च करावा, असा प्रश्न जेव्हा केला जातो, तेव्हा दोन उत्तरे समोर येतात : एक, आधी तरुणांचा विचार करावा; दुसरे, जन्मदात्यांसाठी काहीही कमी करू नये. पहिले उत्तर मानमोडीच्या अनुभवाने व सावित्रीबाईंच्या उदाहरणाने अपुरे ठरते. दुसरे उत्तर उदात्त आहे. परंतु उपायाची परीक्षा झालेली नसते तेव्हा त्याचा लाभ रुग्णापेक्षा विक्रेत्यास अधिक होतो. दोन्ही उत्तरांत एक दोष समान आहे : निर्णय एका घरावर, एका रात्रीत, टाकलेला असतो.

आशा ही निंद्य गोष्ट नव्हे. हाफकिन यांची लस व डेक्सामेथासोन हीदेखील प्रथम आशाच होती. भेद इतकाच, की त्यांची परीक्षा झाली व तिचा भार समाजाने उचलला. आरोग्यावरील एकूण खर्चात लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा २०१३–१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१–२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यापुढील सर्व नागरिकांस उत्पन्नाची अट न घालता वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंत उपचारांचे संरक्षण देण्यात आले. दिशा योग्य आहे. परंतु कोणता उपाय त्या पैशास पात्र आहे, हे आधी व उघडपणे ठरविणारी व्यवस्था नसेल, तर घराचे कर्ज सार्वजनिक तिजोरीच्या नावे लिहिले जाईल इतकेच.

करड्याच्या रयतेने १८७४ साली सावकारावर बहिष्कार घातला, कारण देणेकरी व घेणेकरी समोरासमोर होते. आजारपणाच्या कर्जात समोर कोणी नसते. असते ती फक्त आईबापांविषयीची माया आणि लोक काय म्हणतील ही धास्ती. ‘करायचं ते सगळं केलं’ ह्या वाक्यात खर्चाऐवजी शुश्रूषा, वेळेवर दिलेली लस, आणि निरुपयोगी उपायास दिलेला विचारपूर्वक नकार, ह्यांचाही समावेश होईल, तेव्हा त्या वाक्याचा अर्थ बदलेल. तो बदल कोशात नंतर नोंदला जाईल. आधी तो शिरूर व दौंडच्या रुग्णालयांच्या दारांत घडावा लागेल.