बिनतारी यंत्राचा परवाना

बिनतारी संदेशाला भिंत नाहीं आणि वेसहि नाहीं. म्हणूनच त्याच्या यंत्रावर राजसत्तेची नजर आरंभापासून राहिली आहे. तारायंत्र चालविण्याचा अधिकार १८८५ च्या कायद्यानें हिंदुस्थान सरकारनें स्वतःकडे ठेवलाच होता. १९३३ सालीं बिनतारी यंत्रांसाठीं स्वतंत्र कायदा झाला. विनापरवाना यंत्र केवळ जवळ बाळगणें हाहि अपराध ठरला, हें त्याचें वैशिष्ट्य होय. दिवाणखान्यांतील साधा रेडिओसुद्धां त्यांतून सुटला नाहीं. वार्षिक शुल्क भरून परवाना घ्यावा, न घेतल्यास पहिल्या अपराधास १०० रुपयांपर्यंत दंड सोसावा, अशी ती व्यवस्था होती.

या धाकाचें कारण १९४२ सालीं मुंबईंत दिसून आलें. 'छोडो भारत' चळवळींत उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनीं गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. पोलिस माग काढीत आणि यंत्र एका जागेंतून दुसऱ्या जागेंत हलविलें जाई. नोव्हेंबरांत तें पकडलें गेलें. कायद्याच्या दृष्टीनें जें विनापरवाना यंत्र, तेंच लोकांच्या दृष्टीनें देशाचा आवाज होतें.

स्वराज्य आलें, तरी १९३३ चा कायदा राहिला. पुढें संगणकांस तारेवांचून जोडणारें वाय-फाय आलें, तेंहि त्याच कायद्याच्या कक्षेंत. जानेवारी २००५ मध्यें सरकारनें २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्‌झ हा लहरींचा पट्टा परवान्यावांचून वापरण्यास मोकळा केला. मोकळीक मोजूनमापून होती: प्रक्षेपणशक्ति १ वॅटहून अधिक नसावी, यंत्र मान्य नमुन्याचें असावें, आणि दुसऱ्याच्या लहरींत अडथळा येऊं नये. उपाहारगृहांत व महाविद्यालयांत अशीं यंत्रें बसविण्याची वाट त्यामुळें सुकर झाली.

परंतु भय यंत्रावरून उतरलें, तें माणसावर बसलें. जुलै २००८ मध्यें अहमदाबादेंतील बॉम्बस्फोटांची जबाबदारी घेणारी ई-मेल नवी मुंबईंतील एका उघड्या राहिलेल्या वाय-फाय जोडणीवरून गेल्याचें आढळलें. फेब्रुवारी २००९ मध्यें दूरसंचार विभागानें आज्ञा काढली: सार्वजनिक ठिकाणीं वाय-फाय वापरणाराच्या छायाचित्रासहित ओळखपत्राची प्रत घ्यावी, अथवा त्याच्या मोबाईलवर परवलीचा शब्द पाठवावा, आणि ती नोंद एक वर्ष जपावी. डिसेंबर २०२० मध्यें मंजूर झालेल्या 'पीएम-वाणी' योजनेनें लहान दुकानदारालाहि परवाना वा नोंदणी यांवांचून वाय-फाय देण्याची मुभा दिली. ग्राहकाची ओळख पटविणें मात्र चुकलें नाहीं. १८८५ व १९३३ च्या कायद्यांच्या जागीं संसदेनें २०२३ सालीं नवा दूरसंचार कायदा मंजूर केला.

पूर्वीं सरकार विचारी, यंत्र कोणाच्या घरीं आहे? आतां विचारलें जातें, बोलणारा कोण आहे? पहिल्या प्रश्नास कागदाचा परवाना पुरे. दुसऱ्याचें उत्तर नोंदवहींत सांठत जातें. ही नोंदवही अपराध्याला शोधण्यास उपयोगी पडते, तशीच ती निरपराध्याचीहि ये-जा टिपून ठेवते. ती किती काळ ठेवावी आणि कोणास दाखवावी, याचा नियम जितका काटेकोर, तितकेंच नागरिकाचें स्वातंत्र्य सुरक्षित.