खिडकीवरचा होकार

लग्नाला वधूवरांखेरीज सहा माणसे. सातव्याला जागा नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलमध्ये सरकारी अधिकाऱ्याच्या हातून होणाऱ्या साध्या लग्नाचा हा नियम आहे. आपल्याकडे यादी करायला बसले की ‘अगदी घरचेच’ म्हणता म्हणता आकडा दोनशेवर जातो. त्यामुळे कॅलिफोर्नियात नोकरी करणाऱ्या मुलाचा किंवा मुलीचा ‘आम्ही सिटी हॉलमध्ये लग्न करतोय’ असा निरोप आला, की घरात पहिला प्रश्न पडतो तो हे सहा कोण, हा. दुसरा प्रश्न जरा हळू आवाजात विचारला जातो : सरकारी कचेरीत कसले आले लग्न? पहिल्या प्रश्नाचा निकाल ज्याच्या त्याच्या घरी लागावा. दुसऱ्याचे उत्तर मात्र इतिहासात आहे, आणि ते केवळ सॅन फ्रान्सिस्कोपुरते नाही.

आधी तिथली रीत समजून घेऊ. सॅन फ्रान्सिस्को हे शहरही आहे आणि जिल्हाही, म्हणजे तिथल्या भाषेत काउंटी. त्यामुळे महापौर, नगरसभा आणि विवाहाचे परवाने देणारा काउंटी क्लार्क हे सगळे एकाच इमारतीत बसतात. लग्नासाठी दोन वेगळ्या वेळा ठरवाव्या लागतात. पहिली परवान्याची. दोघांनी छायाचित्र असलेले ओळखपत्र घेऊन खिडकीवर जायचे. तिथले रहिवासी किंवा नागरिक असण्याची अट नाही, आणि परवाना मिळाल्यावर थांबावेही लागत नाही. तो नव्वद दिवस चालतो. दुसरी वेळ विधीची. भव्य संगमरवरी जिन्याच्या माथ्यावर, घुमटाखाली, अधिकारी दोघांकडून संमती वदवून घेतो आणि त्यांना विवाहित जाहीर करतो. काही मिनिटांत सारे आटोपते. किमान एक साक्षीदार सही करतो. जास्त पाहुणे हवे असतील तर इमारतीतला एखादा सज्जा तासाभरासाठी भाड्याने मिळतो. अर्थात इमारत लोकांची आहे; खाली कुणी कर भरायला आलेले असते, बाजूच्या सभागृहात नगरसभेची खडाजंगी चालू असते, आणि त्यातच हार घातलेली जोडपी जिन्यावर उभी असतात.

ही इमारत १९१५ साली उघडली. वास्तुकार आर्थर ब्राउन धाकटे. घुमट तीनशे फुटांहून उंच, वॉशिंग्टनच्या कॅपिटॉललाही मागे टाकणारा. त्याआधीचा सिटी हॉल बांधायला पाव शतक लागले होते. १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपात तो काही क्षणांत कोसळला. भूकंपामागून आग आली आणि शहराची जन्म-विवाहाची बहुतेक दप्तरे तीत गेली. या जळलेल्या दप्तरांचा परिणाम विलक्षण होता. चिनी मजुरांच्या प्रवेशावर १८८२ पासून बंदी होती. आता ‘माझा जन्म इथलाच, दाखला जळाला’ असे कुणी सांगितले, तर ते खोडून काढायला सरकारजवळ कागदच उरला नव्हता. त्या आधारे अनेक चिनी पुरुषांनी नागरिकत्व मिळवले आणि मग चीनमधून ‘मुलगे’ आणले. ते मुलगे कधी खरे असत, कधी केवळ कागदावरचे. नाते रक्ताचे असो वा लग्नाचे, सरकारदरबारी ते कागदावर असावे लागते, हे या शहराइतके क्वचितच कुणाला कळले असेल.

तो कागद खिडकीवर मिळतो. आणि खिडकीपलीकडचा माणूस ‘नाही’ही म्हणू शकतो.

कॅलिफोर्निया राज्य झाले १८५०मध्ये. त्याच वर्षी गोरे आणि काळे यांच्यातील विवाह अवैध ठरवणारा कायदा झाला. १८८० मध्ये गोऱ्यांशी विवाहाचा परवाना नाकारायच्या यादीत ‘मंगोलियन’ हा शब्द आला. त्यात चिनी आले, जपानी आले. फिलिपिनो पुरुषांनी ‘आम्ही मंगोलियन नव्हे’ असा युक्तिवाद करून १९३३ मध्ये खटला जिंकला, तर त्याच वर्षी विधिमंडळाने यादीत ‘मलाय’ हा शब्द घातला. भारतीयांचे नाव यादीत कुठेच नव्हते. मग विसाव्या शतकाच्या आरंभी शेतमजुरीसाठी आलेल्या पंजाबी पुरुषांचे काय? ते बहुतांश शीख, पण तिथे सगळ्यांना ‘हिंदू’च म्हणत. भारतातून बायको आणण्याची वाट स्थलांतराच्या कायद्यांनी बंद केली होती. निर्णय उरला परवाना देणाऱ्या कारकुनाच्या नजरेवर. नवरा-नवरीच्या कातडीचा रंग सारखा दिसला तर परवाना मिळे, नाहीतर दुसऱ्या काउंटीची वाट धरावी लागे. यातूनच मेक्सिकन स्त्रिया आणि पंजाबी शेतकरी यांची शेकडो कुटुंबे दक्षिणेतल्या इंपीरियल खोऱ्यात आणि इतरत्र उभी राहिली.

या यादीला आव्हान दिले ते आंद्रेया पेरेझ आणि सिल्व्हेस्टर डेव्हिस यांनी. ती मेक्सिकन आईबापांची मुलगी, म्हणून कायद्याने ‘गोरी’, तो काळा. १९४७ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीच्या कारकुनाने परवाना नाकारला. दोघेही कॅथलिक होते आणि त्यांच्या चर्चची लग्नाला हरकत नव्हती. धर्म हो म्हणत होता आणि सरकार नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर १९४८ रोजी चार विरुद्ध तीन मतांनी तो कायदा घटनाबाह्य ठरवला. त्या न्यायालयाचे मुख्य ठाणे सॅन फ्रान्सिस्कोत, सिटी हॉलसमोरच्या चौकाच्या कडेला आहे. संपूर्ण अमेरिकेत असे कायदे रद्द व्हायला मात्र १९६७ साल उजाडले.

१९४८ हे साल मराठी वाचकाला आणखी एका छोट्या लग्नासाठी आठवायला हवे. त्या निकालाच्या साडेपाच महिने आधी, १५ एप्रिल रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. स्थळ होते दिल्लीतील हार्डिंग अ‍ॅव्हेन्यूवरचे त्यांचे निवासस्थान, म्हणजे देशाच्या कायदेमंत्र्याचा सरकारी बंगला. मोजकी माणसे हजर होती. वर महार, वधू सारस्वत ब्राह्मण. धर्मशास्त्राच्या जुन्या अर्थाप्रमाणे अशा प्रतिलोम विवाहाला मान्यता नव्हती. ज्या विधीला ती देता येई तो सरकारी नोंदणीचाच होता. हिंदू कोड बिलाच्या कामात गुंतलेल्या माणसाने आपले लग्न या मार्गाने करावे, यात मला योगायोग दिसत नाही.

हा मार्गही सोपा नव्हता. आपल्याकडचा पहिला विशेष विवाह कायदा १८७२ चा. केशवचंद्र सेन यांच्या ब्राह्म अनुयायांच्या मागणीतून तो झाला, पण त्याखाली लग्न करणाऱ्याला ‘मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही’ अशी नकारांची जंत्री लिहून द्यावी लागे. लग्न हवे तर धर्म सोडल्याचे सांगा, असा तो सौदा होता. हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नाने १९२३ मध्ये हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपापसांतील लग्नापुरती त्यातून सुटका मिळाली. धर्माचा प्रश्नच न विचारणारा कायदा आला १९५४ मध्ये.

त्याच १९५४ च्या १४ जानेवारीला सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलमध्ये या इमारतीतले सर्वांत गाजलेले लग्न लागले. बेसबॉलपटू जो डिमॅजिओ आणि मॅरिलिन मन्रो. न्यायाधीशाच्या दालनात, बाहेर पत्रकारांची झुंबड. दोघांचेही आधी घटस्फोट झालेले. डिमॅजिओचे पहिले लग्न १९३९ मध्ये याच शहरातल्या कॅथलिक चर्चमध्ये लागले होते, त्यामुळे दुसऱ्यासाठी चर्चचे दार बंद होते. पेरेझ आणि डेव्हिस यांना चर्च हो म्हणत होते, सरकार नाही. इथे चर्च नाही म्हणत होते, सरकार हो. सरकारी इमारतीतले लग्न म्हणजे श्रद्धा कमी, असा आपला समज असतो. मला दिसते ते वेगळे : या जिन्यावर पिढ्यान्‌पिढ्या अशी माणसे आली, ज्यांना दुसरीकडे कुठे तरी ‘तुमचे लग्न आम्ही लावत नाही’ असे सांगितले गेले होते.

१२ फेब्रुवारी २००४ रोजी याच इमारतीत डेल मार्टिन आणि फिलिस लायन यांचे लग्न लागले. एक ब्याऐंशी वर्षांची, दुसरी एकोणऐंशी. दोघी पन्नासहून अधिक वर्षे एकत्र राहत होत्या. महापौर गॅव्हिन न्यूसम यांनी दोन दिवस आधी क्लार्कला पत्र लिहून समलिंगी जोडप्यांनाही परवाने देता यावेत असे बदल सुचवले होते. छापील अर्जातले वर आणि वधू हे शब्द जाऊन पहिला अर्जदार, दुसरा अर्जदार असे शब्द आले. महिन्याभरात सुमारे चार हजार जोडप्यांची लग्ने लागली. पावसात इमारतीभोवती रांगा लागल्या, आणि दूरच्या राज्यांतल्या अनोळखी लोकांनी फोनवरून पैसे भरून ‘रांगेतल्या कुणालाही द्या’ म्हणून फुले पाठवली.

ऑगस्टमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती सगळी लग्ने रद्दबातल ठरवली. कारण नीट पाहण्यासारखे आहे. समलिंगी विवाह योग्य की अयोग्य, हे न्यायालयाने तेव्हा ठरवलेच नाही. एखादा कायदा घटनाबाह्य आहे असे स्वतःच मानून तो बाजूला ठेवण्याचा अधिकार महापौराला किंवा कारकुनाला नाही, एवढेच ते म्हणाले. १९४७ चा कारकून कायद्याप्रमाणे वागला, तेव्हा न्यायालयाने कायदाच मोडीत काढला. २००४ चा कारकून कायद्यापलीकडे गेला, तेव्हा न्यायालयाने त्याला थांबवले. दोन्ही निकालांत मला विसंगती दिसत नाही. खिडकीवरच्या माणसाच्या मर्जीवर नकार अवलंबून राहू नये, तसा होकारही राहू नये. मर्जीने मिळालेला होकार दुसरा माणूस खुर्चीत बसला की परत घेतला जातो, आणि त्या चार हजार जोडप्यांच्या हातात शेवटी फुले राहिली, कागद राहिला नाही. त्यांचे दुःख यामुळे कमी होत नाही, हेही खरे.

१५ मे २००८ रोजी त्याच न्यायालयाने, पुन्हा चार विरुद्ध तीन मतांनी, समलिंगी जोडप्यांचा विवाहाचा हक्क मान्य केला, आणि आधार घेतला तो साठ वर्षांपूर्वीच्या पेरेझ निकालाचा. १६ जूनला मार्टिन आणि लायन यांचे याच इमारतीत पुन्हा लग्न लागले. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत डेल मार्टिन वारल्या, कायद्याने विवाहित म्हणून. त्याच नोव्हेंबरात जनमताने ती वाट पुन्हा बंद झाली आणि २०१३ मध्ये उघडली. जिन्याच्या माथ्यावर, जिथे विधी होतात तिथे, नगरसभासद हार्वे मिल्क यांचा अर्धपुतळा आहे. उघडपणे समलिंगी असलेल्या या लोकप्रतिनिधीची नोव्हेंबर १९७८ मध्ये याच इमारतीत हत्या झाली. छायाचित्रासाठी उभ्या राहणाऱ्या जोडप्यांच्या मागे अनेकदा तो पुतळा येतो.

आता पुन्हा आपल्याकडे. आपल्या १९५४ च्या कायद्यातला एक भाग मला फार आवडतो. विधी कोणताही करा, पण विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर दोघांनी एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचे, त्यांना समजणाऱ्या भाषेत, तोंडाने म्हटल्याशिवाय लग्न पूर्ण होत नाही. म्हणजे ते मराठीत म्हणता येते. संस्कृत मंत्रांच्या अर्थाविना पार पडणाऱ्या कितीतरी लग्नांपेक्षा हे वाक्य मला अधिक गंभीर वाटते.

याच कायद्यात नोटीसही आहे. लग्नाआधी तीस दिवस दोघांची नावे विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात सर्वांना दिसतील अशी लावायची, म्हणजे कुणाची हरकत असेल तर कळावी. हरकतीची कारणे कायद्याने मोजकीच ठेवली आहेत. जात किंवा धर्म वेगळा असणे त्यांत नाही. पण फलकावरचे नाव वाचणारा नातेवाईक कायदा वाचून येत नाही. कॅलिफोर्नियात याच्या अगदी उलट सोय आहे : एकत्र राहणाऱ्या जोडप्यांसाठी १८७८ पासून गोपनीय विवाह परवाना मिळतो. त्याला साक्षीदार लागत नाही आणि नोंद त्रयस्थाला पाहता येत नाही. घर सोडून आलेल्या आंतरजातीय जोडप्याला आपल्या तालुक्याच्या ठिकाणी ते तीस दिवस काढायचे असतात. त्यांच्यासाठी लग्नाचे नियोजन म्हणजे ते दिवस कुठे राहायचे आणि तीन साक्षीदार कोण, एवढेच असते.

सिटी हॉलला निघालेल्या घरांनी आपल्या यादीत एक गोष्ट लिहून ठेवावी. घुमटाखाली सही झाली तरी काम पुरे होत नाही. लग्न लावणाऱ्याने परवाना दहा दिवसांत नोंदणीसाठी परत पोचवायचा असतो, आणि नोंद झाल्यावर प्रमाणित प्रत वेगळी मागवावी लागते. भारतात दाखवायची असेल तर तिच्यावर कॅलिफोर्नियाच्या राज्य सचिवांच्या कार्यालयाचा अपॉस्टिल शिक्का घ्यावा. साक्षीदार म्हणून शक्यतो सहांपैकीच कुणाला तरी घ्यावे. आजीला इंग्रजी येत नसले तरी सही येते. ती सही ज्या कागदावर होते, तो कागद मिळावा म्हणून आंद्रेया पेरेझ न्यायालयात गेली होती.