रुसवा कोणाचा मोजतात?

१९९६च्या लोकसभा निवडणुकीत भाजपने ठाण्याची जागा शिवसेनेला सोडली, तेव्हा तिथे भाजपचाच खासदार होता. कल्याणचे प्राध्यापक राम कापसे १९८९ आणि १९९१ असे लागोपाठ दोनदा इथून निवडून आले होते. त्यांच्याही आधी, १९७७ आणि १९८०मध्ये, ही जागा रामभाऊ म्हाळगींनी जिंकली होती. म्हणजे जनसंघाच्या काळापासूनच्या कार्यकर्त्यांना ती घरचीच वाटत असणार. पण आनंद दिघ्यांच्या शिवसेनेची ताकद तोवर इतकी वाढली होती की जागा मागितली गेली आणि मिळालीही. उमेदवार झाले प्रकाश परांजपे. हेच परांजपे १९८९मध्ये ठाण्याच्या महापौरपदाची निवडणूक हरले होते. त्या वेळी आपलीच मते फुटल्याच्या संशयावरून शहरात एका नगरसेवकाचा खून झाला होता. कापसे मात्र पक्ष सोडून गेले नाहीत की अपक्ष उभेही राहिले नाहीत. परांजपे निवडून आले आणि पुढे तीनदा येत राहिले. कापसे राज्यसभेवर गेले, नंतर २००४मध्ये अंदमान-निकोबारचे नायब राज्यपाल झाले.

आपल्याकडे याला ‘राजकीय पुनर्वसन’ म्हणतात. धरणग्रस्तांसाठीचा शब्द तिकीट कापलेल्यांसाठी वापरायचा, ही मराठी पत्रकारितेची एक गंमतच. पण शब्द नेमका आहे. जमीन गेली की मोबदला मिळतो आणि तो सातबाऱ्यावर नाव असलेल्यालाच मिळतो. ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या पक्ष-एकजुटीचा इतिहास याच नियमाने चालत आला आहे, असे मला वाटते. एकजुटीचे आवाहन मतदाराला उद्देशून नसते; ज्याच्या नाराजीची किंमत ठरवता येते त्याच्याशी केलेला तो व्यवहार असतो. २०१९मध्ये कल्याण पश्चिमची जागा शिवसेनेकडे गेली, तेव्हा भाजपचे तत्कालीन आमदार नरेंद्र पवार अपक्ष लढले, विश्वनाथ भोईरांकडून हरले आणि पुढे पुन्हा भाजपमध्येच दिसले. २०२४मध्ये ठाणे लोकसभेसाठी संजीव नाईकांचे नाव मागे पडून नरेश म्हस्के जाहीर झाले. त्याबरोबर नवी मुंबई आणि मीरा-भाईंदरच्या भाजप पदाधिकाऱ्यांनी राजीनामे पुढे केले. मग भेटीगाठी, मनधरणी, महायुतीचा धर्म वगैरे. म्हस्के दोन लाखांहून अधिक मतांनी जिंकले.

आपल्याकडे उमेदवार निवडायला पक्षांतर्गत मतदान नसते, म्हणून डावललेल्याचे वजन राजीनाम्यांच्या गठ्ठ्यावर आणि बंगल्याबाहेरच्या गर्दीवर मोजावे लागते. अमेरिकेत २००८ साली पक्षाच्या उमेदवारीसाठी ओबामांकडून हरलेल्या हिलरी क्लिंटन यांचे वजन मतांत मोजलेले होते, सुमारे एक कोटी ऐंशी लाख. ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनात त्यांनी ओबामांच्या मागे उभे राहण्याचे आवाहन केले, त्यात स्त्रियांच्या हक्कांसोबत समलिंगींच्या हक्कांचाही नावानिशी उल्लेख होता. त्यांच्या पाठीराख्यांत समलिंगी मतदार पुष्कळ होते आणि ते सगळेच काही मुकाट्याने ओबामांकडे वळले नाहीत. मतदानोत्तर चाचणीत स्वतःला समलिंगी म्हणवणाऱ्यांपैकी सुमारे २७ टक्क्यांनी विरोधी पक्षाच्या मॅक्केनना मत दिल्याचे दिसले. त्याआधी चार वर्षे, त्याच पक्षाच्या बुश यांना २३ टक्के मते मिळाली होती. मला त्या आकड्यापेक्षाही प्रश्न विचारला गेला हे महत्त्वाचे वाटते. आपल्या चाचण्या जात, धर्म, वय, शिक्षण विचारतात. हा प्रश्न सहसा त्यांच्या यादीतच नसतो.

यावर कोणी म्हणेल, मोजले म्हणून तिथे काय मिळाले? ओबामा कॅलिफोर्निया जिंकले त्याच दिवशी, त्याच राज्यातल्या मतदारांनी समलिंगी विवाहावर बंदी घातली. आक्षेप खरा आहे. मोजणी झाली की हक्क मिळतोच असे नाही. पण पराभव झाला तर कोणाचा झाला हे कळते, आणि पुढच्या वेळी मागणी घेऊन कोणाच्या दारात जायचे हेही कळते.

दुसरा आक्षेप अधिक घरगुती आहे: डोंबिवलीच्या मतदाराला लोकलची गर्दी आणि पाण्याची वेळ महत्त्वाची, समलिंगी मतदारही सकाळी तीच गाडी पकडतो, मग त्याचे मत वेगळे कशाला काढायचे? हाच न्याय आगरी, उत्तर भारतीय, गुजराती मतदारांना कोणी लावत नाही. तेही त्याच गाडीत लोंबकळतात, तरी त्यांचे मेळावे होतात. फरक वस्तीचा आहे. जातीची, भाषेची माणसे एका चाळीत, एका प्रभागात सापडतात. समलिंगी माणूस प्रत्येक प्रभागात विखुरलेला, बहुधा घरच्यांपासूनही लपलेला. कलम ३७७चा धाक ६ सप्टेंबर २०१८पर्यंत डोक्यावर असताना मेळावा कोण भरवणार? तृतीयपंथीयांचे निदान मतदार यादीत ‘इतर’ या रकान्यात दर्शन झाले. समलिंगी मतदाराला तसा रकाना नाही, आणि सरकारी यादीत तो असावा असेही मी म्हणणार नाही.

पक्षांनी काहीच केले नाही, असेही नाही. राष्ट्रवादी काँग्रेसने २०२०मध्ये एलजीबीटी सेल काढला. एप्रिल २०२२मध्ये सुप्रिया सुळे यांनी समलिंगी विवाहाला मान्यता देणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. पण सेल वरून आला. तिकीटवाटपात रुसून बसू शकेल आणि ज्याचा रुसवा काढायला कोणी धावेल, असा प्रभागातला माणूस त्यातून उभा राहिलेला दिसत नाही. पुढे २०२३मध्ये पक्षच फुटला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा प्रश्न संसदेकडे टोलवला, आणि २०२४च्या जाहीरनाम्यात काँग्रेसने समलिंगी जोडप्यांच्या नागरी सहजीवनाला मान्यता देणाऱ्या कायद्याचे आश्वासन दिले. मात्र काँग्रेसच्या आघाडीच्या जागावाटपात ठाणे आणि कल्याण दोन्ही जागा उद्धव ठाकऱ्यांच्या शिवसेनेकडे गेल्या होत्या. डिसेंबर १९९८मध्ये दोन स्त्रियांच्या प्रेमाचा ‘फायर’ चित्रपट बंद पाडायला शिवसैनिकांनी मुंबईतल्या चित्रपटगृहांत तोडफोड केली, आणि तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी त्यांचे कौतुक केले. तो वारसा फुटलेल्या शिवसेनेच्या धनुष्यबाणाकडेही जातो आणि मशालीकडेही. तेव्हा २० मे २०२४ रोजी काँग्रेसचे ते आश्वासन मनात धरून ठाण्याच्या केंद्रावर गेलेल्या मतदाराला यंत्रावर ‘हात’ सापडला नाही. त्याला दाबायची होती मशाल. जुना राग गिळण्याची त्याला कोणी विनंती केली नव्हती, कारण तो रागावलेला आहे याची कुणाकडे नोंदच नव्हती.