जुन्या व्हिडिओ गेमचे इम्युलेशन

जुन्या गेम संचाच्या यंत्रणेचे काम संगणकावर किंवा मोबाइलवर तंतोतंत वठवणाऱ्या प्रोग्रामला इम्युलेटर म्हणतात. कॅसेटमधील चिपवर साठवलेला गेम फाइलच्या रूपात उतरवून घेतात. ही फाइल म्हणजे रॉम. इम्युलेटर जुन्या प्रोसेसरची एकेक आज्ञा वाचून पार पाडतो आणि चित्र व आवाज यांची वेळ त्याच्याशी जुळवत राहतो.

निन्टेन्डोचा फॅमिकॉम हा गेम संच जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आला. त्याचा प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्‌झचा आणि कार्यस्मृती अवघी २ किलोबाइट. त्यामुळे १९९६ चा आयनेस आणि १९९७ चा नेस्टिकल हे इम्युलेटर त्या काळच्या घरगुती संगणकांवरही चालले. नाणे टाकून खेळायच्या यंत्रांसाठीचा मेमही १९९७ चाच. पुढे रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक (२०१२) आणि स्वस्त अँड्रॉइड फोन आल्यावर घरगुती संगणकाची गरज उरली नाही.

महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात देशातच जोडणी झालेला निन्टेन्डोचा ‘समुराई’ संच मिळत असे. घरोघरी पोहोचले ते मात्र फॅमिकॉमचे स्वस्त नकली संच. त्यामुळे येथील हौशी माणूस इम्युलेटरमध्ये शोधतो तो बहुधा नकलेचाच अनुभव, आणि याचा तांत्रिक परिणामही होतो. जपान-अमेरिकेतील टीव्ही सेकंदाला ६० चित्रांच्या हिशेबाचे, आपले पाल पद्धतीचे ५० च्या. फॅमिकॉमचे बहुतेक गेम चित्रागणिक पुढे सरकतात. पाल देशांसाठी बनलेल्या नकली संचांत जपानी गेम चालत, पण सुमारे एक षष्ठांश संथ. संगीतही तितकेच रेंगाळे. त्या चालीवर हात बसलेल्या माणसाला आज इम्युलेटरवरचा मारिओ बिथरल्यासारखा वाटतो, उडी चुकते, आणि दोष प्रोग्रामला दिला जातो. वस्तुतः तो मूळ वेगच असतो. एफसीईयूएक्स, मेसेन यांसारख्या इम्युलेटरांत यासाठी ‘डेंडी’ नावाची निवड आहे. डेंडी हा १९९२ मध्ये रशियात आलेला असाच नकली संच. ती निवडली की बालपणीचा वेग परत मिळतो.

जुने संच टिकवणे अवघडच. राजापूर तालुक्यातील नाटे-जैतापूरसारख्या किनारी पट्ट्यात खारी, दमट हवा कॅसेटचे तांब्याचे संपर्क खाते. गेम लागेना की कॅसेटमध्ये फुंकर मारायचा सर्वमान्य उपाय त्यात ओलाव्याचीच भर घालतो. ‘डक हंट’ या नेमबाजीच्या गेमची बंदूक तर जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबशिवाय नेमच ओळखत नाही, सपाट टीव्हीसमोर ती निरुपयोगी. इम्युलेटरमध्ये तिची जागा माउस किंवा बोट घेते.

नकली बाजाराची खरी खासियत ‘९९९९ इन १’ कॅसेट. तिच्यात निराळे गेम थोडेच. तेच गेम नाव बदलून, रंग बदलून किंवा मधल्याच टप्प्यापासून सुरू करून यादी फुगवलेली असे. अशा कॅसेटमधील स्मृतीची पाने पालटणारे मंडल (मॅपर) निन्टेन्डोचे नसल्याने त्याची अधिकृत माहिती कुठेच नव्हती. हौशी मंडळींनी कॅसेट उघडून, मंडले तपासून ती इम्युलेटरांत उतरवली. रॉम फाइलच्या नेस २.० या सुधारित रचनेत मॅपर क्रमांकांची सोय २५६ वरून ४०९६ वर गेली. फुकट्यांचा उद्योग म्हणून हिणवलेल्या या छंदाने केलेले हे सर्वांत चिकाटीचे काम म्हणावे लागेल.

कायद्याच्या दृष्टीने इम्युलेटर आणि रॉम ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात अमेरिकी अपील न्यायालयाने २००० मध्ये इम्युलेटर बनवताना अभ्यासासाठी केलेली नक्कल वैध ठरवली. अॅपलने २०२४ मध्ये आपल्या अॅप स्टोअरवर असे इम्युलेटर येऊ दिले. रॉमची बिनपरवाना देवाणघेवाण मात्र कुठेही सुरक्षित नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ प्रोग्रामची प्रत ज्याच्याकडे कायदेशीररीत्या आहे त्याला नुकसानीपासून बचावासाठी राखीव प्रत काढू देते. ‘९९९९ इन १’च्या मालकाला या सवलतीचा आधार मिळणे कठीण, कारण त्याच्या हातातली कॅसेटच मुळात बिनपरवाना आहे.