ओळख देणारा माणूस

नोव्हेंबर महिना उजाडला की आपल्याकडच्या पेन्शनर मंडळींची एकच धावपळ सुरू होते. हयातीचा दाखला! आपण अजून जिवंत आहोत हे वर्षातून एकदा सरकारला सांगायचे, नाहीतर डिसेंबरपासून पेन्शन बंद. पूर्वी यासाठी बँकेत जायचे, साहेबासमोर उभे राहायचे आणि सही ठोकून यायचे. १० नोव्हेंबर २०१४ रोजी केंद्र सरकारने 'जीवन प्रमाण' सुरू केले आणि आधार क्रमांक व बोटांचे ठसे यांवर हा दाखला ऑनलाईन मिळू लागला. २०२१ च्या नोव्हेंबरपासून तर बोटही नको, मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरायचा की झाले. फार चांगली सोय आहे, ज्यांच्याकडे तसला मोबाईल आहे त्यांच्यासाठी.

ज्यांच्याकडे नाही त्यांचे काय, हा प्रश्न मला सरकारी नोकरीत रोज दिसतो. एका काउंटरवर ऐकलेले एका आजींचे वाक्य माझ्या कानात बसले आहे. आधारला जोडलेला नंबर मुंबईच्या भाच्याचा, भाचा फोन उचलत नव्हता, आणि ओटीपीशिवाय पुढे काही हलत नव्हते. आजी म्हणाल्या, "बाबा, हांव तुजे मुखार उबी आसां, आनी कितें जाय?" या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर दीडशे-दोनशे वर्षे मागे जावे लागते. कारण समोर उभा असलेला माणूस पुरेसा नाही, हे सरकारला काही मोबाईल आल्यावर सुचलेले नाही.

जुनी मराठी कागदपत्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना आठवेल, लिहिता न येणारा पाटील कागदाखाली नांगराची निशाणी करीत असे. व्यापाऱ्याची निशाणी तराजू. बाजूला लिहिणाऱ्याचे नाव 'बिकलम' म्हणून, आणि खाली साक्षीदारांची रांग. आता गंमत पहा, नांगराचे चित्र कोणीही काढू शकतो. त्या चित्रावरून हा अमुक गावचा अमुक पाटील हे मुळीच सिद्ध होत नाही. सिद्ध करीत ते साक्षीदार. गोताने बसून, ओळखून, 'होय, हा तोच' म्हटले की तो तोच. म्हणजे निशाणी ही नुसती खूण, खरा पुरावा म्हणजे माणसे. मराठीत 'ओळख' हा शब्द दोन्ही अर्थांनी चालतो, आपण कोण तेही आणि आपल्याला कोण जाणतो तेही, तो उगाच नव्हे.

पण जेथे राज्य करणारा परका आणि गाव अनोळखी, तेथे या साक्षीवर विश्वास कसा ठेवायचा? मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाचा तरुण इंग्रज अधिकारी होता. जुलै १८५८ मध्ये, म्हणजे उठाव अजून पुरता शमलाही नव्हता तेव्हा, त्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराशी रस्त्याच्या खडीचा करार केला. उद्या हा माणूस 'ही सही माझी नव्हेच' म्हणेल अशी त्याला धास्ती. म्हणून कचेरीच्या शिक्क्यासाठी जी घरगुती तेलकट शाई होती ती त्याने कोनाईच्या तळहाताला फासली आणि अख्खा पंजा कराराच्या पाठीवर उमटवून घेतला. यात शास्त्र वगैरे काही नव्हते. माणूस जरा दबावा, एवढाच हेतू होता, आणि हर्शेलने पुढे ते स्वतःच लिहून ठेवले आहे. बोटांच्या रेषा माणसामाणसाच्या वेगळ्या असतात आणि वर्षानुवर्षे बदलत नाहीत, हे त्याच्या लक्षात नंतर आले.

आणि १८७७ साली हुगळीला मॅजिस्ट्रेट असताना त्याने ही युक्ती कोणावर चालवली असेल? पेन्शनरांवर! पेन्शनर वारला तरी घरचे लोक दुसऱ्याच म्हाताऱ्याला उभे करून पैसे उचलतात अशी शंका होती. म्हणून पेन्शनर, दस्तऐवज नोंदवणारे आणि कैदी यांचे ठसे घेणे सुरू झाले. पेन्शनर आणि कैदी एकाच यादीत, हे वाचून माझ्या निवृत्त मित्रांना बरे वाटणार नाही. पुढे १८९७ साली कलकत्त्यात जगातली पहिली अंगुलिमुद्रा कचेरी निघाली. तिथे पद्धत बसवणाऱ्यांत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोघे आपले लोक होते, नाव मात्र पद्धतीला एडवर्ड हेन्री या साहेबाचे लागले. असो, तो वेगळा विषय.

मला सांगायचे आहे ते असे. हुगळीच्या पेन्शनरावर अविश्वास होता, पण शाई सरकारची होती. कागद सरकारचा, शिक्का सरकारचा, ठसा घेणारा कारकूनही सरकारचा. पेन्शनराने घरून फक्त अंगठा आणायचा होता. ही गोष्ट पुढे शंभर-सव्वाशे वर्षे तशीच राहिली. १९९३ साली शेषन यांच्या निवडणूक आयोगाने फोटोचे मतदार ओळखपत्र काढायचे ठरवले, तेव्हा फोटो काढण्याची व्यवस्था सरकारी खर्चाने झाली. 'मतदाराने घरून कॅमेरा आणावा' असे कोणी म्हटले असते तर देशभर हसे झाले असते. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिले आधार क्रमांक दिले गेले. तेव्हाही कॅमेरा, डोळ्यांच्या बुबुळांचे यंत्र, ठशांचे यंत्र, सगळे सरणजाम गावात गेले होते. गावकऱ्यांनी रांग लावली इतकेच.

बदल झाला तो यानंतर, नोंदणीत नव्हे तर पडताळणीत. नोंद एकदाच होते, पडताळणी मात्र जन्मभर. आणि पडताळणीचे यंत्र हळूच काउंटरच्या त्या बाजूवरून या बाजूला, म्हणजे आपल्या खिशात सरकले. रिझर्व्ह बँकेने ९ जानेवारी २०२० रोजी व्हिडिओवरून ग्राहकाची ओळख पटवायला बँकांना मुभा दिली. पाठोपाठ टाळेबंदी आली आणि हा मार्ग रूढ झाला. २०२५ च्या ऑगस्टपासून भविष्य निर्वाह निधीचा नवा खाते क्रमांक काढायचा तर कामगाराने 'उमंग' ॲपवर चेहरा दाखवावा असा आदेश निघाला. शेजारच्या महाराष्ट्रात २०२५ च्या सप्टेंबरात लाडक्या बहिणींची ई-केवायसी सुरू झाली. तिच्यात पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी लागत होता. नवरा नाही, वडील नाहीत, अशा बाईने कोणाचा ओटीपी आणायचा? शेवटी मुदत वाढवून वेगळा मार्ग काढावा लागला. यंत्र दुसऱ्याच्या हातात गेले की ओळखही दुसऱ्याच्या हातात जाते, हे त्या बहिणींना कळले आणि भाच्याच्या नंबरवर अडलेल्या आजींनाही.

गोमंतकात या गोष्टीला आणखी एक पदर आहे, आणि तो बाहेरच्यांना समजावून सांगता सांगता आपल्या नाकी नऊ येतात. तो म्हणजे नावे! आपल्याकडे पोर्तुगीज अमदानीतच, १९१४ पासून, जन्म-मृत्यू-विवाहाची सिव्हिल नोंदणी सुरू झाली. उर्वरित हिंदुस्थानातल्या किती लोकांच्या आजोबांच्या जन्माची नोंद सापडते? आमची सापडते. पण ती पोर्तुगीज वळणाची. 'श' ऐकला की कारकून 'एक्स' लिहायचा, त्यामुळे शांताराम, शाबा, शिवा हे सगळे एक्सच्या पानावर. केशवाची सुरुवात 'क्यू'ने. नाईकांच्या शेपटालाही क्यू. प्रभूंचे पोरोब झाले, वामनाचा वामोना झाला, विष्णूच्या शेवटी 'एम' येऊन बसला. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, शाळा आल्या, आणि त्याच माणसाला मास्तरांनी इंग्रजी वळणाने 'के' आणि 'एस' दिले. पुढे आधारच्या शिबिरात ऑपरेटरने जसे ऐकले तसे टंकले. एकाच देहाची तीन नावे.

काउंटरवर बसलेल्या जुन्या कारकुनाला याचे काही वाटत नसे. क्यूने सुरू होणारा केशव आणि केने सुरू होणारा केशव एकच, हे तो वाचता वाचता जाणायचा. फारच झाले तर 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असे प्रतिज्ञापत्र मागायचा. नाव रीतसर बदलायला १९९० चा कायदा आहेच. संगणकाला मात्र हे कळत नाही. तो अक्षरे जुळवतो. अक्षर जुळले नाही की लाल पट्टी, 'तपशील जुळत नाही'. का जुळत नाही ते सांगत नाही आणि कोणाकडे जायचे तेही सांगत नाही. ज्याच्याकडे मोबाईल आणि चांगला कॅमेरा आहे तोही इथे अडतो, मग नसलेल्याची काय कथा. त्याला तर ती लाल पट्टी दुसऱ्याच्याच मोबाईलवर दिसते, शंभर रुपये मोजल्यावर.

आणि बोटांचे म्हणाल, तर आपल्या लोकांच्या बोटांनी कामे काय केली आहेत ते पहा. काजूच्या टरफलातले तेल कातडी जाळते. कारखान्यात वर्षानुवर्षे काजू सोललेल्या बाईच्या बोटांवर यंत्राने रेषा शोधायच्या? माड चढणारा पाडेली, चिरे काढणारा कामगार, कुळागरात राबणारे लोक, यांचे ठसे वय झाल्यावर यंत्र सहजी घेत नाही. म्हणून चेहऱ्याची सोय आली, तर तिला ५ मेगापिक्सेलचा तरी कॅमेरा असलेला स्मार्टफोन हवा आणि वर रेंज हवी. २०२० च्या टाळेबंदीत सांगे तालुक्यातली मुले ऑनलाईन शाळेसाठी डोंगर चढून रेंज शोधत होती, हे आपण पेपरात वाचलेच. मुले चढली. त्यांच्या आजोबांनी जिवंत असल्याचे सांगायला तो डोंगर चढायचा का?

याच गोव्यात दुसरीकडे काय चालते तेही पहा. माणूस वारला आणि त्याचे वारस ठरवायचे असले, तर स्पेशल नोटरीकडे वारसापत्र होते. ही पोर्तुगीज कायद्यातून आलेली रीत, आता २०१२ च्या गोवा वारसा कायद्यात घेतलेली. त्यात तीन माणसे येऊन शपथेवर सांगतात की मयताला आम्ही ओळखत होतो, आणि वारस एवढेच, दुसरे कोणी नाहीत. त्या तिघांच्या शब्दावर घरे, भाटे, बँकांतल्या ठेवी यांची मालकी ठरते. सब-रजिस्ट्रारसमोर खरेदीखत करताना पक्षकाराला ओळखणारे साक्षीदार लागतात, तेही याच परंपरेतले. यात फसवणूक होत नाही असे मी म्हणत नाही. गोव्यात जमिनींची खोटी कागदपत्रे करून केवढे घोटाळे झाले ते आपण जाणतो. पण म्हणून कायद्याने साक्षीदार काढून टाकला नाही. लाखोंच्या मिळकतीला तीन शेजाऱ्यांची साक्ष चालते आणि महिन्याच्या पेन्शनीला मोबाईलच हवा, हा हिशेब मला अजून कोणी समजावलेला नाही.

नियम पाहिले तर मोबाईलच हवा असे कुठे लिहिलेलेही नाही, हे आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावे. कागदावरचा हयातीचा दाखला बंद झालेला नाही. बँकेत स्वतः जाऊन देता येतो, ठराविक अधिकाऱ्याची सही घेऊनही देता येतो. केंद्राच्या ८० वर्षांवरील पेन्शनरांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. २०२० पासून पोस्टाची बँक पोस्टमनला यंत्र घेऊन घरी पाठवते, ७० रुपयांत. हा पोस्टमनचा मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात यंत्र पुन्हा सरकारच्या बाजूला जाते आणि ते धरणारा माणूस बहुधा त्या आजींना नावाने ओळखतो. अडचण अशी की नियमात असलेला कागद काउंटरवर मिळत नाही. 'आता सगळे ऑनलाईन झाले' हे वाक्य फार झटपट तोंडात येते. आमच्या जमातीच्या तोंडात जरा जास्तच.

हे वाक्य तोंडात येण्याआधी ३० एप्रिल २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आठवावा. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या एका महिलेला २०२३ साली बँकेत खाते उघडता येईना, कारण ओळख पटवताना कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून उघडायच्या होत्या आणि तिला त्या मिटता येत नव्हत्या. यंत्राच्या लेखी पापणी हलली नाही म्हणजे समोर जिवंत माणूस नाही! ती आणि एक अंध याचिकाकर्ते न्यायालयात गेले. न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन यांनी डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग धरला आणि २० निर्देश दिले. जिवंतपणा तपासायला पापणीखेरीज दुसरे मार्ग ठेवा, अंगठ्याचा ठसा स्वीकारा, कागदावरची केवायसी चालू ठेवा, असे त्यात आहे. निकाल अपंग व्यक्तींच्या याचिकांवर आहे, पण खेड्यापाड्यातले, वृद्ध, गरीब यांचाही उल्लेख न्यायालयाने केला आहे.

तेव्हा घरात किंवा शेजारी कोणी साधा बटणांचा फोन वापरणारे पेन्शनर असतील, तर नोव्हेंबरची वाट पाहू नका. त्यांच्या आधारला नंबर कोणाचा जोडला आहे ते आताच पहा. पासबुकावरचे, पेन्शनच्या कागदावरचे आणि आधारवरचे नाव अक्षर न् अक्षर ताडून घ्या, विशेषतः जन्मनोंद १९६१ च्या आधीची असेल तर. आणि काउंटरवर कोणी ऑनलाईनच करा म्हणाले, तर कागदी दाखला का घेत नाही ते लेखी मागा. लेखी मागितले की बहुतेक वेळा फॉर्म सापडतो.