मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना : यवतमाळहून एक प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्यात एकाच शिवारात दोन तऱ्हांच्या जमिनी असतात. नदीनाल्याच्या काठाला खोल काळी, चढावर वीतभर खोलीची बरड. दोन्हींवर पाऊस सारखाच पडतो. पण खंड पडला की बरडीवरची कपाशी आधी माना टाकते. हा फरक शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तो आकड्यांत मांडण्याचे काम नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे गावोगावी ज्याला ‘पोकरा’ म्हणतात त्यात, संगणकाकडे आले. जागतिक बँकेच्या कर्जातून २०१८ मध्ये उभ्या राहिलेल्या या प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यातील १५ जिल्ह्यांत यवतमाळ होता. गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्यासाठी आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी गणिती प्रारूप तयार केले आणि ते क्यूजीआयएस या नकाशांच्या मुक्त सॉफ्टवेअरचे प्लगइन म्हणून बांधले. पाऊस, मातीचा पोत आणि खोली, जमिनीचा उतार, पीक ही माहिती त्यात भरायची. वाहून गेलेले पाणी, जमिनीत मुरलेले पाणी आणि पिकाला पडलेली तूट हा हिशेब त्यातून निघतो.

परवान्यांच्या अभ्यासाची सुरुवात या ताळेबंदापासून करण्याला कारण आहे. असा आकडा कागदावर उतरला की त्यावरून बंधारा, शेततळे, पीकपद्धती यांची चर्चा होते. उद्या एखाद्या गावाने, किंवा पुसदच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या एखाद्या विद्यार्थिनीने विचारले, की ‘आमच्या बरडीची तूट एवढीच कशी धरली?’, तर खरे उत्तर कोडमध्येच सापडेल. तो कोड वाचण्याचा, आपल्या मातीप्रमाणे दुरुस्त करण्याचा आणि दुरुस्त प्रत शेजारच्या गावाला देण्याचा अधिकार तिला आहे का, हे परवाना ठरवतो.

कोड इंटरनेटवर ठेवला म्हणजे तो मुक्त झाला, असा सार्वत्रिक समज आहे. कायदा तसे म्हणत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम ही साहित्यकृती मानली जाते. लिहिताक्षणी, नोंदणी न करताही, तिच्यावर हक्क निर्माण होतो आणि लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे टिकतो. मालक गप्प राहिला तर कायदा त्याचा अर्थ नकार असाच लावतो. म्हणून परवाना लेखी हवा.

तो निवडताना नवखा वाचक सहसा परवान्यांची यादी उघडतो आणि गोंधळतो. आधी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. क्रमही हाच ठेवावा.

पहिला प्रश्न : हे काम कोणाच्या मालकीचे? नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. शासकीय कामाचे मालक शासन. जे आपले नाही त्यावर आपण परवाना देऊ शकत नाही. संस्थेची लेखी संमती आधी घ्यावी.

दुसरा प्रश्न : ते कशावर उभे आहे? क्यूजीआयएसचा परवाना ‘जीपीएल आवृत्ती २ किंवा त्यानंतरची’ असा आहे. त्याच्या अधिकृत भांडारात प्लगइन द्यायचे तर तुमचा परवाना त्याच्याशी जुळावा लागतो. म्हणजे पहिली ओळ लिहिण्याआधीच निवडीचे अंगण आखलेले असते. जुळणीचे बारकावेही आहेत : अपाची २.० या परवान्याखालचा कोड जीपीएल ३ खालील कामात चालतो, केवळ जीपीएल २ खालील कामात चालत नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा : पुढे येणाऱ्याने काय करावे असे तुम्हाला वाटते? इथे परवान्यांची दोन कुळे वेगळी होतात. एमआयटी, बीएसडी, अपाची यांचे म्हणणे थोडक्यात असे, की श्रेय राखा आणि हवे ते करा. बंद उत्पादनात घातले तरी हरकत नाही. अपाची त्यात पेटंट वापरण्याची परवानगीही देतो. आरोग्य सेतू या मोबाइल अ‍ॅपचा कोड केंद्र सरकारने मे २०२० मध्ये याच परवान्याखाली खुला केला. दुसरे कूळ जीपीएलचे. त्याच्या आवृत्त्या १९८९, १९९१ आणि २००७ च्या. सुधारलेली प्रत दुसऱ्याला दिलीत, तर सुधारणांसकट कोडही त्याच अटींवर द्या, ही त्याची मुख्य अट. पण सुधारलेला प्रोग्राम स्वतःच्या सर्व्हरवर ठेवून लोकांना फक्त उत्तरे दाखवली, तर ही अट लागू होत नाही. ती फट बुजवायला २००७ मध्येच एजीपीएल ३ आला.

माझे मत लपवत नाही. ज्या हिशेबावर सार्वजनिक पैसा आणि गावाचे पाणी ठरते, त्याला दुसऱ्या कुळातला परवाना शोभतो. आणि हिशेब सर्व्हरवर चालणार असेल, तर एजीपीएल. मात्र पर्जन्यमापकाची फाइल वाचणारे छोटेसे साधन सर्वांनी वापरावे एवढीच इच्छा असेल, तर एमआयटी पुरेसा आहे.

प्रत्येक गोष्ट सॉफ्टवेअरही नसते. लोहित हे देवनागरीसह अनेक भारतीय लिप्यांचे टंक रेड हॅटने २००४ मध्ये जीपीएलखाली दिले आणि कंपनीच्या पुण्यातील चमूने पुढे सांभाळले. २०११ मध्ये ते टंकांसाठीच घडवलेल्या ओपन फॉन्ट लायसन्सकडे वळवण्यात आले. ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशासाठाही २०१२ मध्ये विदासंचांसाठीच्या ओडीबीएल परवान्याखाली गेला. ताळेबंदाचा कोड, त्यातली पावसाची आकडेवारी आणि सोबतची मराठी पुस्तिका यांना तीन वेगळे परवाने लागू शकतात.

भारतीय अभ्यासकासाठी एक प्रश्न खास राखून ठेवतो. आपल्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क हस्तांतराची मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची, आणि क्षेत्र लिहिले नसेल तर ते भारतापुरते धरले जाते. कलम ३०अ हाच नियम योग्य त्या फेरफारांसह परवान्यांनाही लावते. अपाची ‘कायम’ आणि ‘जगभर’ असे स्पष्ट म्हणतो, जीपीएल ३ कॉपीराइटच्या मुदतीचा उल्लेख करतो, एमआयटी दोन्हींबाबत मौन पाळतो. या मौनाचे भारतात काय करायचे, हा विषय अजून पुष्कळ लिहिण्याजोगा आहे.

शेवटी दोन सावधगिरीच्या सूचना. स्वतःचा नवा परवाना रचू नका. तो इतर कशाशी जुळतो ते कोणालाच सांगता येणार नाही. आणि ‘व्यापारी वापरास मनाई’ ही मोहक अट घालू नका. ती घातली की काम मुक्त स्रोताच्या व्याख्येबाहेर जाते, आणि मोठ्या कंपनीसोबत तालुक्यातला छोटा सेवा देणाराही अडतो.

आता आपलाच एखादा प्रोग्राम समोर घ्या, तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढा आणि मग परवाने मुळातून वाचा. एमआयटीचा मजकूर दोनशे शब्दांच्या आत संपतो. जीपीएल ३ पाच हजारांहून अधिक शब्दांचा आहे. आधी लहान वाचा, मग मोठा. मोठ्यातले जादा कलम कोणत्या भांडणातून आले असेल, असे प्रत्येक ठिकाणी विचारत गेलात, तर या विषयाचा निम्मा इतिहास तिथेच हाती लागेल.