संशोधन-शिक्षणातील समता व समावेशन (भारत)

पीएच.डी. आणि अन्य पदव्युत्तर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला जात, धर्म, लिंग, अपंगत्व, भाषा किंवा गरिबी आड न येता प्रवेश, मार्गदर्शन, विद्यावेतन आणि पदवी मिळावी, यासाठीची तत्त्वे, कायदे व संस्थात्मक व्यवस्था. भारतात या विषयाची चर्चा बहुधा प्रवेशातील आरक्षणापाशी थांबते. संशोधक मात्र प्रवेशानंतर तीन ते सहा वर्षे, कधी त्याहून अधिक काळ, एका मार्गदर्शकावर आणि एका विद्यावेतनावर अवलंबून असतो. त्यामुळे विषमतेची खरी कसोटी या मधल्या वर्षांत लागते.

पूर्वपीठिका : डॉ. भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये त्यांनी तेथील डी.एस्सी. मिळवली. कमला भागवत (पुढे सोहोनी) यांना बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारण्यात आला. संस्थेचे तत्कालीन संचालक सी. व्ही. रामन यांच्यापुढे त्यांनी हट्टाने दाद मागितली, तेव्हा १९३३ मध्ये अटींसह आणि परीक्षाधीन म्हणून त्यांना घेण्यात आले. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली; विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपदही त्यांनी भूषवले. पैसा आणि प्रवेशाधिकार या दोन्हींचे प्रश्न या उदाहरणांत दिसतात, आणि ते आजही सुटलेले नाहीत.

प्रवेश : केंद्रीय शिक्षणसंस्थांतील प्रवेशांसाठी २००६ च्या अधिनियमाने अनुसूचित जातींना १५, अनुसूचित जमातींना ७.५ आणि इतर मागासवर्गांना २७ टक्के आरक्षण दिले. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने आर्थिक दुर्बल घटकांसाठी १० टक्क्यांची वाट मोकळी झाली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा दिव्यांगांसाठी असाव्या लागतात. तरीही पीएच.डी.च्या जागा मार्गदर्शकनिहाय रिक्त होतात आणि एका वेळी एखाद-दुसरीच जागा निघते. अशा वेळी टक्केवारी कागदावर राहण्याचा धोका मोठा असतो.

मुलाखतीचे गुण हा दुसरा कळीचा मुद्दा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमांत लेखी परीक्षा केवळ पात्रतेपुरती ठेवून निवड मुलाखतीवर सोपवली होती. वंचित गटांतील विद्यार्थी लेखीत चांगले गुण मिळवूनही मुलाखतीत मागे पडतात, ही तक्रार जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आधीपासून होती. तेथील अब्दुल नाफे समितीने मौखिकीचे गुण कमी करण्याची शिफारस केली होती. २०१८ च्या दुरुस्तीने लेखी ७० आणि मुलाखत ३० असे प्रमाण ठरले.

विद्यावेतन : अनुसूचित जातींच्या संशोधकांसाठी राजीव गांधी राष्ट्रीय फेलोशिप २००५-०६ मध्ये सुरू झाली. अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला. कनिष्ठ संशोधन फेलोशिपची रक्कम जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाली. महाराष्ट्रात बार्टी (१९७८ मध्ये समता विचारपीठ म्हणून स्थापना), सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्था अनुक्रमे अनुसूचित जाती, मराठा-कुणबी आणि इतर मागासवर्ग व भटके-विमुक्त या समाजघटकांतील संशोधकांना फेलोशिप देतात. सर्व पात्र विद्यार्थ्यांना ती मिळावी, यासाठी संशोधकांनी मुंबईच्या आझाद मैदानावर वारंवार आंदोलने केली आहेत. ज्याच्या घरी पहिल्यांदाच कोणी पीएच.डी.ला बसले आहे, त्याचे खोलीभाडे, खाणावळ आणि गावी पाठवायचे पैसे याच रकमेतून भागतात. म्हणून हप्ता थकणे ही किरकोळ प्रशासकीय दिरंगाई नाही. तिच्यामुळे संशोधन सुटते.

जातीय भेदभाव : दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील तक्रारींची चौकशी करणाऱ्या सुखदेव थोरात समितीने २००७ मध्ये अहवाल दिला. शिकवणे, परीक्षा आणि वसतिगृह अशा सर्व ठिकाणी दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना भेदभाव सोसावा लागतो, असे त्यात नोंदवले आहे. आयोगाच्या २०१२ च्या विनियमांनी प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमणे आवश्यक केले. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठातील संशोधक रोहित वेमुला यांनी आत्महत्या केली. सात महिन्यांची फेलोशिप थकल्याचा उल्लेख त्यांच्या अखेरच्या पत्रात आहे. मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या जळगाव जिल्ह्यातील डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. त्याच वर्षी या दोघांच्या माता राधिका वेमुला आणि आबेदा तडवी यांनी उच्च शिक्षणसंस्थांतील जातीय भेदभाव रोखण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली.

स्त्रिया व अन्य लिंगभाव : आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. विनियमांनुसार महिला संशोधकांना संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा मिळते. प्रबंधासाठी दोन वर्षांची जादा मुदत त्यांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना मिळते. लग्नामुळे वा अन्य कारणाने गाव बदलल्यास काम दुसऱ्या संस्थेत नेता येते. लैंगिक छळाविषयीचे आयोगाचे २०१५ चे विनियम संशोधकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहेत. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल, तर तक्रार समितीत एक निवडून आलेला संशोधक प्रतिनिधी असतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याला तक्रारदाराच्या कामाचे मूल्यमापन करण्यापासून रोखता येते. ही तरतूद नसती तर स्वतःच्या मार्गदर्शकाविरुद्ध तक्रार करणे बहुतेकींना अशक्यच झाले असते. उभयलिंगी व्यक्ती हक्कसंरक्षण अधिनियम, २०१९ शिक्षणसंस्थांतील भेदभावाला मनाई करतो.

मार्गदर्शक-संशोधक संबंध : एका प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक असू शकतात. विषयाला होकार, प्रगती अहवालावरील सही, प्रबंध सादर करण्याची परवानगी आणि पुढच्या नोकरीसाठीचे शिफारसपत्र या सगळ्यांची किल्ली गाइडच्या हाती असते. संशोधन सल्लागार समिती दर सत्राला प्रगती पाहते. तिने केवळ अहवाल न ऐकता विद्यार्थ्याशी गाइडच्या अनुपस्थितीतही बोलावे आणि गाइड बदलण्याची वाट बिनधोक ठेवावी, ही समावेशनाची पायाभूत गरज आहे.

भाषा आणि सुविधा : मराठीतून शिकून आलेल्या विद्यार्थ्याला विज्ञानाचे वाचन, सादरीकरण आणि लेखन इंग्रजीत करावे लागते. त्याची अडचण भाषेची असते, पण ती अनेकदा बुद्धीची समजली जाते. दृष्टिबाधित संशोधकाला स्क्रीन रीडरवर वाचता येतील असे ग्रंथ, चाकाच्या खुर्चीवरील संशोधकाला प्रयोगशाळेत पोहोचता येईल असा उतार आणि उंची कमी-जास्त करता येणारे टेबल लागते. ही मदत उपकार नसून कायद्याने मान्य केलेला हक्क आहे.

मूल्यमापन : एखाद्या विभागात समता आहे की नाही, हे तेथे कोण दाखल झाले यावरून ठरत नाही. कोणाची नोंदणी मध्येच सुटली, कोणाला किती वर्षे लागली आणि कोणत्या तक्रारीवर काय निर्णय झाला, हे वर्गवार मोजून दरवर्षी जाहीर करणे प्रत्येक विद्यापीठाला शक्य आहे. हे आकडे उघड झाले, तरच प्रवेशाच्या वेळी दिलेला शब्द पदवीपर्यंत पाळला गेला का, हे समाजाला विचारता येईल.